उपर्युक्त उमेदवार

—अहो, उभे कशाला, बसा ना. खुर्चीवरचे ते गठ्ठे खाली ठेवा खुशाल, काही होत नाही, प्रुफं आहेत ती. सरांच्या व्याकरणाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. येतीलच ते आत्ता. लायब्ररीत गेलेत, कुठल्याशा शब्दाचं मूळ बघायचं राहिलं होतं म्हणे. माणसं किराणा आणायला जातात, आमच्याकडे मूळ आणायला जातात. तोवर मी आहे ना? मी काय परकी आहे? — पक्षाच्या माणसानं आमच्याकडे येऊन असं अवघडून बसायचं म्हणजे काय. मागच्या खेपेला तुमच्या जागी दुसरे होते, जाडसे, दर वाक्याला ‘तळागाळातला’ म्हणणारे. ते कुठे असतात हल्ली? — पलीकडच्या पक्षात? अगंबाई! तिकडे तळ सापडला वाटतं. बरं झालं, सुटलो. तुम्ही चहा घेता ना? घेताच. पक्षातला माणूस चहाला नाही म्हणाला तर समजावं, तिकीट कापलंय त्याचं.

तर तुमचं काम मला फोनवरच कळलं. सरांनी पुन्हा उभं राहावं. चौथ्यांदा. हो ना? आणि का बरं एकदम आठवण झाली सरांची? — स्वच्छ प्रतिमा. हं. — शिवाय सुशिक्षित वर्ग. हं, हं. म्हणजे दुसरं कोणी मिळालं नाही. खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाहीये. — हसलात म्हणजे नाहीच मिळालं. त्यात लाज कसली? आमच्या मतदारसंघात दुसरं कोणी मिळत नाही म्हणूनच माणसं उभी राहत आलीत, पहिल्यापासून. तुम्ही मुख्य कचेरीतले, तुम्हाला इथलं माहीत नसणार. टेकडीवर विद्यापीठ आणि टेकडीखाली गाव, एवढाच आमचा मतदारसंघ. पण टेकडी कधी खाली उतरली नाही आणि गाव कधी वर चढलं नाही. टेकडीवर प्रत्येकाला मत असतं. एकेकाला तर दोन-दोन, तीन-तीन. आणि मतदान होतं ते खाली. एवढं कळलं तरी तुम्हाला पुरे, बाकीचं मी उगाच सांगतेय.

पहिले आमचे खासदार म्हणजे वकीलसाहेब. निवडून आले, पुन्हा आले, परत आले — आणि गावाला पत्ताच नाही. त्यांच्यासमोर उभंच राहायचं नाही कुणी. वकीलसाहेबांविरुद्ध उभं राहणं म्हणजे पाहुण्याच्या पानातलं उचलण्यासारखं वाटायचं लोकांना. संसदेत ते एकदाच बोलले, दीपस्तंभांवर. आता आमच्याकडे समुद्र कुठाय? आमच्या मुलांना समुद्राचं चित्र काढायला सांगितलं तर तळं काढून त्यात मोठी होडी घालतात. झालं होतं काय, दुसऱ्या कुणाचं तरी भाषण चुकून ह्यांच्या हातात आलं, आणि ह्यांनी उभं राहून वाचलं. पण वाचलं असं, की टेकडीवर महिनाभर कौतुक — काय उच्चार, काय आवाज, ‘दीपस्तंभ’मधला अनुस्वार कसा स्वच्छ! दीपस्तंभ आपल्याला काय करायचाय, हे विचारलं नाही कुणी. नळाला पाणी नाही, हे तर मुळीच विचारलं नाही, कारण टेकडीवर पाणी होतं. आम्ही खालचे हो. म्हणजे माझं माहेर खालचं, बाजारातलं. लग्न झालं आणि मी टेकडी चढले.

वकीलसाहेब गेल्यावर उभे राहिले आमचे कुलगुरू. निवृत्त झालेले, सज्जन माणूस, बोलायचे तर असं की ऐकत राहावं. आणि सवय काय, तर कुठलाही विषय घेतला की दोन्ही बाजू मांडायच्या. बाजारात सभा झाली त्यांची, शेवटची. मी पुढे बसले होते. आधी आपली बाजू मांडली, मग प्रतिपक्षाची मांडली, आणि प्रतिपक्षाची जरा जास्तच रंगली, कारण आपल्याच बाजूला झुकतं माप द्यायचं बरं दिसत नाही ना! समारोपाला म्हणाले, ‘साकल्याने विचार करता प्रतिपक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे.’ लोकांना पटलं. त्यांनी प्रतिपक्षाला मतं दिली. दुसऱ्या दिवशी कुलगुरू खुशीत होते, म्हणाले, ‘माझं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं.’

प्रतिपक्ष म्हणजे कोण — खानावळवाले काका! त्यांचं नाव तरी ऐकलं असेल तुम्ही. टेकडीच्या पायथ्याशी खानावळ, अख्खं विद्यापीठ तिथं जेवून शिकलेलं. माणूस लक्षात ठेवायचे ते तो काय खात नाही त्यावरून. आमच्या सरांना अजून म्हणतात, ‘तुम्ही तिखट न खाणारे ना?’ तुम्हाला वाटेल टेकडीवरचे लोक खाल्ल्या मिठाला जागले. छे हो! मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून टेकडीवरचे घरात वाचत पडले. खालचे आले रांगा लावून. आणि काकांचं राजकारण केवढं, तर एका शब्दाएवढं. कुणी काम घेऊन गेलं की म्हणायचे ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे पुन्हा आठवण करा. ‘बघतो’ म्हणजे विसरा आता. आणि ‘बघून घेतो’ म्हणाले तर ते काम ज्यानं अडवलंय त्यानं गाव सोडायचं. सर म्हणायचे, हा मनुष्य एका धातूवर निवडून येतो! व्याकरणातला हो धातू, क्रियापदाचा. हसा, हसा, सरांचा विनोद आहे तो, कळायला वेळ लागतो. मलाही पहिली काही वर्षं उशिराच हसू यायचं.

त्या काकांविरुद्ध आमचे सर. उभे का राहिले म्हणाल — देशसेवा? — नाही. तुमच्यासारखेच कुणी आले होते, ह्याच खुर्चीत बसले होते, म्हणाले, ‘सर, सुशिक्षितांनी राजकारणात यायला पाहिजे.’ सर म्हणाले, ‘यावे आणि यायला पाहिजे ह्यांत भेद आहे.’ तो भेद समजावून सांगता सांगता हो म्हणून बसले. मी आत होते. मला कुणी विचारलं नाही — म्हणजे विचारायचं कारणच काय? मला कशाला विचारतील. मी माझी वर्गाला गेले. टायपिंगचा वर्ग आहे माझा, खाली बाजारात, औषधांच्या दुकानावर. आता कॉम्प्युटर आलेत, पण लोक अजून ‘टायपिंगच्या बाई’च म्हणतात. इथल्या कुठल्याही कचेरीत जा तुम्ही, टेबलामागे जो बसलाय ना, त्याची करंगळी मी सरळ केलेली असते. मला काही हौस नाही हो सांगायची, पण आहे ते आहे.

पहिल्या खेपेला सर निवडून आलेच होते. खरंच सांगते. काकांची खानावळ तेव्हा नव्या रस्त्यापायी अर्धी पाडली होती, काका चिडचिडे झाले होते, आणि टेकडी — टेकडी पहिल्यांदा मतदानाला उतरली! सरांचे विद्यार्थी ते सगळे, प्राध्यापक झालेले. ते आले, त्यांच्या बायका आल्या, ग्रंथपाल आले, रजिस्ट्रार आले. मी मनात म्हटलं, आता काय बघायचंय. मोजणीला उमेदवाराचं माणूस बसवतात ना, ती मी. तेव्हा कागदी मतपत्रिका. खालची मतं मोजून झाली तेव्हा काका थोडेसे पुढे होते, आणि टेकडीच्या पेट्या राहिल्या होत्या. पेटी फोडली. अधिकाऱ्यानं पहिली मतपत्रिका उचलली, दिव्याखाली धरली, म्हणाला ‘बाद’. दुसरी उचलली, ‘बाद’. तिसरी, ‘बाद’. मी म्हटलं, अहो, सरांच्या नावापुढे शिक्का दिसतोय की ढळढळीत! बाद कशी? तो म्हणाला, ‘बाई, नियम आहे. शिक्क्याशिवाय मतदारानं हातानं काही लिहिलं असेल तर मत बाद. बघा तुम्हीच.’

बघितलं. — झालं होतं असं, की सरांच्या आडनावात दुसरी वेलांटी आहे, आणि मतपत्रिकेवर छापताना ती पहिली छापली. एवढंच. खालच्या लोकांनी काय वेलांटी बघितली नाही, त्यांनी चिन्ह बघितलं. पण टेकडी! टेकडीवरच्या एकेका माणसानं खिशातलं पेन काढलं होतं आणि ती वेलांटी दुरुस्त केली होती. कुणी निळ्या शाईनं, कुणी लाल. कुणी वेलांटी खोडून वर नीट लिहिलेली, कुणी समासात खूण केलेली. एकानं तर ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारून खाली सही ठोकली होती. गुप्त मतदान! आणि का करणार नाहीत? आयुष्यभर ह्यांनीच शिकवलेलं त्यांना — चूक दिसली की पुढे जायचं नाही, आधी ती दुरुस्त करायची. ती सगळी पोरं गुरूला जागली हो. पेटीमागून पेटी जागली. सर पडले ते बाद मतांनी, आणि बाद मतं सगळी सरांची. आणि मला एकदम आठवलं — आदल्या… म्हणजे मतदानाच्या दिवशी जेवताना सर म्हणाले होते, ‘आज एक ढोबळ चूक वेळीच निस्तरली.’ मला वाटलं, राजकारणाविषयी काही बोलतायत. तर नाही. ह्यांनी स्वतःचंही मत बाद करून आणलं होतं.

मी? मला दिसली होती की ती वेलांटी. टायपिंगच्या बाईला वेलांटी दिसणार नाही? दिसली, म्हटलं असू दे, शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. चुकीसकट पत्करता येतं माणसाला. संसार केलाय हो मी.

तुम्ही हसताय, पण त्या दिवसांत घरात हसू नव्हतं. सर पडले की बोलत नाहीत. रागावत नाहीत, चिडत नाहीत, काकांना शिव्या देत नाहीत — नुसता तो मोठा शब्दकोश घेतात मांडीवर आणि ‘अ’पासून वाचायला लागतात. पहिल्यांदा ‘क’पर्यंत गेले आणि माणसांत आले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा ‘प’ उजाडला. आणि तिसऱ्यांदा… तिसऱ्यांदा थेट ‘ज्ञ’ संपवला, मी म्हटलं सुटलो, तर ह्यांनी पान उलटून परत ‘अ’ काढला. तेव्हा मात्र मी घाबरले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, ‘अंमळ थांब,’ आणि मग ‘अंमळ’ शब्द कुठून आला ते शोधत बसले. मला रडू आलं त्या दिवशी. फार साधा माणूस आहे हो. तुम्हाला प्रतिमा दिसते, मला माणूस दिसतो.

दुसऱ्यांदाचं सांगायचं राहिलंच. टाकीजवळच्या वस्तीत सभा होती. तिथं पाण्याची बोंब, पहिल्यापासूनची. सभेला सगळ्या बायकाच, रिकाम्या घागरी पुढ्यात ठेवून बसलेल्या. भाषण मी टाईप केलेलं होतं. म्हणजे सर सांगायचे आणि मी टाईप करायचे, आणि टाईप करताना इकडचं तिकडे थोडं… व्हायचं. ‘जलवितरणातील विषमता’ असं सर सांगायचे आणि कागदावर ‘त्यांना पाणी, तुम्हाला घागर’ असं उमटायचं. त्यांच्या लक्षात यायचं नाही असं नाही, पण टाळ्या पडायच्या, मग गप्प बसायचे. तर भाषण झालं बरं. मग एक मावशी उभी राहिली, म्हणाली, ‘सर, आमच्याकडे पाणी येत नाही.’ आता ह्यावर उमेदवारानं काय म्हणावं? ‘आणू’ म्हणावं. काका ‘बघू’ म्हणाले असते. सर म्हणाले, ‘बाई, येत नाही हा रीतिवर्तमान झाला. येत नाही म्हणजे कधीच येत नाही. आपल्याला म्हणायचंय की आज आलं नाही.’ मावशी म्हणाली, ‘मला कधीच येत नाही असंच म्हणायचंय.’ सर खरे खुश झाले हो! म्हणाले, ‘मग आपला प्रयोग अचूक आहे.’ आणि बसले खाली.

घागरी उचलल्याचा आवाज यायला लागला. बायका निघाल्या. आणि मी — मला अजून कळत नाही मी कशी उठले — मी माईक धरला. म्हटलं, बसा सगळ्या. पाणी येत नाही कारण टाकीखालचा व्हॉल्व गंजलाय, आणि तो बदलायचा कागद पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कुणाच्या टेबलावर पडलाय ते मला ठाऊक आहे, त्याला मी टायपिंग शिकवलंय, उद्या सकाळी तुम्ही आणि मी तिथं जाऊन उभ्या राहू, बघू कसा हलत नाही! तसंच बोलले, कागद नाही, काही नाही. आणि बोलतच राहिले. घसा कोरडा पडला पण थांबवेना. टाळ्या, घागरींवर थापा, सगळा गोंधळ. ती मावशी जवळ आली, माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, मग तुम्हीच का नाही उभ्या राहत?’ मी म्हटलं, ‘छे, काहीतरीच काय!’ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: ‘प्राध्यापक महोदयांचे विचारप्रवर्तक भाषण झाले. त्यांच्या पत्नीनेही दोन शब्द सांगितले.’ दोन शब्द! सगळ्यांबरोबर मीही हसले तेव्हा. पण वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

व्हॉल्व? बदलला की. दुसऱ्या दिवशी नाही, पण बदलला. श्रेय काकांनी घेतलं आणि त्याच्यावर निवडून आले, तो भाग वेगळा. नाही, कडवटपणा नाही माझ्यात. मला काही हौसच नाही राजकारणाची.

तिसरी निवडणूक तर तुमच्याच कचेरीत गाजलीय, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तोपर्यंत मतदानाची यंत्रं आली होती. मी म्हटलं, देव पावला, आता टेकडीच्या हातात पेन नाही, बटण दाबा आणि घरी जा. काका थकलेले, भाचा उभा केलेला, आत्ताचे खासदार तेच. त्याला ‘बघू’सुद्धा धड म्हणता येत नाही. सगळं जुळून आलं होतं. आणि शेवटच्या सभेला आले तुमचे अध्यक्ष. केवढं मैदान, केवढी गर्दी. सर त्यांच्या शेजारी, समोर दुसरा माईक. अध्यक्ष म्हणाले, ‘उपरोक्त सर्व कारणांसाठी ह्या विद्वान उमेदवाराला—’ आणि सर शेजारून हळूच म्हणाले, ‘उपर्युक्त.’ हळूच, बरं का. पण माईक चालू. अध्यक्ष थांबले. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा म्हणाले, ‘उपरोक्त…’ ‘उपर्युक्त. उपरि अधिक उक्त. संधी आहे.’ आणि मैदानातून कुणीतरी ओरडलं, ‘संधी होती!’ झालं. अख्खं मैदान हसलं. अध्यक्ष मोटारीत बसून गेले, पक्षाचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवसापासून आजारी पडले एकजात, आणि सरांना गाव ‘उपर्युक्त’ म्हणायला लागलं. अजून म्हणतात. भाजीवाला मला विचारतो, ‘उपर्युक्त बरे आहेत ना?’ मी म्हणते, बरे आहेत.

आता मला सांगा, तुम्ही त्याच माणसाला परत उभं करणार? अध्यक्ष तेच आहेत ना अजून? — विसरले म्हणता? — मोठ्या मनाचे आहेत. पण सर नाही विसरलेले. सर आजही सांगतात की त्या दिवशी आपलंच बरोबर होतं. आणि बरोबरच होतं हो! तेच तर दुखणं आहे. बरोबर असणारा माणूस तुम्हाला हवाय प्रतिमेसाठी, भिंतीवर चिकटवायला. आणि तो पडला की तुम्ही दुसऱ्या गावी जाणार, इथं शब्दकोश कोण मिटवणार? मी.

तेव्हा मी काय म्हणते — नाही, मी काही म्हणत नाही, संध्याकाळी सर आले की तुम्ही बोलालच… संध्याकाळी म्हटलं का मी? आत्ता, आत्ता येतील. म्हणजे त्यांना मी संध्याकाळची वेळ… अहो, फोन मी घेतला, निरोप देताना इकडचं तिकडे थोडं झालं असेल. होतं तसं माझं. तुम्ही चहा घ्या ना, गार होतोय.

बरं, ऐका आता. तुम्ही नीट ऐकून घेताय म्हणून सांगते. टाकीच्या वस्तीत गेल्या खेपेला कुणी फिरकलं नव्हतं, तिथं मी दर आठवड्याला जाते. कशाला म्हणजे? अर्ज लिहून द्यायला. रेल्वेच्या चाळीत जाते. छापखान्यांच्या गल्लीत तर माझं माहेरच. माझ्याकडे शिकलेल्या मुली आता कचेऱ्यांत आहेत, दुकानांत आहेत, त्यांच्या सासवासुद्धा मला ओळखतात. टेकडीवरचे मला मत देतील का? देतील की. माझ्या नावात वेलांटीच नाही मुळी, दुरुस्त काय करणार! — विनोद केला हो. यंत्रं आहेत आता, ठाऊक आहे मला. घोषणा मी करून ठेवलीय, साधी, चार शब्दांची. भाषणही तयार आहे. कधी लिहिलं म्हणजे? असंच, सहज. तुमचा फोन यायच्या आधी… बऱ्याच आधी. आणि फोटो आहे, हा बघा — बरा आलाय ना? फोटोवाल्याला म्हटलं मान जरा वर, हसू बेताचं, मागे पांढरं ठेव. पासपोर्टसाठी काढला. कुठं जायचंय? — कुठं नाही जायचं. इथंच राहायचंय मला, ह्याच मतदारसंघात, पासपोर्ट कशाला लागतो. उभं राहायचंय मला. झालं, बोलले. मला हौस आहे. फार हौस आहे. सर पडू नयेत म्हणून का मला निवडून यायचं म्हणून, ते मला विचारू नका, माझं मलाच सुटं करता येत नाही. पण जे पाणी मी आणलं त्यावर काका-भाचे निवडून येतात आणि मी दोन शब्द सांगते, हे आता मला सोसत नाही.

काय म्हणालात? — महिला आघाडी. — प्रमुखपद. वा! म्हणजे सर उभे राहणार आणि मी बायका गोळा करून आणणार. सतरंजीही मीच घालू का? — तसं नव्हतं म्हणायचं. मग कसं होतं? — ‘सरांना आधी विचारावं लागेल.’ हं. सरांना तिकीट देताना मला विचारलंत का कधी? तीनदा दिलंत. माझ्याच हातचा चहा पिऊन दिलंत, आणि मी आत कपबशा विसळत होते. मी काही रागावलेली नाहीये. तुमचं बरोबर आहे, तुम्हाला वर कळवावं लागणार, वरचे विचारणार नवरा काय म्हणतो. तुम्ही एवढंच कळवा की नवऱ्याला आज रात्री ही सांगणार आहे. आणि तिकीट मिळालं नाही तरी अर्ज ही भरणार आहे, पक्षाचा असो नसो. लिहून घेताय का? घ्या, घ्या. ‘ही’ नका लिहू पण. नाव लिहा, पूर्ण. फोटोच्या मागे आहे बघा…

फाटक वाजलं का? — अगंबाई. एवढ्यात कसे आले? — चष्मा! चष्मा इथंच राहिला त्यांचा, त्याच्याशिवाय काय डोंबल मूळ सापडणार. नाही, नाही, उठू नका. बसा तुम्ही. प्रत्येक जण ते आले की उठतो, म्हणून सवय झालीय त्यांना. बसा म्हणते ना! फोटो राहू दे तुमच्याच हातात.

—आलात का हो? चष्मा तिथं कोनाड्यात आहे. हे पक्षाचे आहेत, मुख्य कचेरीतले. हो, बसलेत. — नाही, तुमच्याकडे नाही, माझ्याकडे आलेत. काम आहे आमचं, तुम्हाला मग सांगते सगळं. तोवर एक करा, चहा टाका जरा, ह्यांचा गार झालाय. साखर वरच्या फळीवर आहे.